सिल्की कोंबडी पाळताय? जात बघू नका, एकेकीचा स्वभाव बघा

पाटण : कापसाच्या बोळ्यासारखी पांढरी कोंबडी मांडीवर घेऊन बसलेल्या पोरांचे व्हिडिओ मोबाईलवर सगळ्यांनीच बघितले असतील. पिसं नाहीत, नुसते मऊ केस असल्यासारखी दिसते. डोक्यावर झुपका, पायावर मोजे घातल्यासारखे केस. तीच ही सिल्की. आमच्या परड्यात अडीच वर्षांपासून सिल्की आहेत हे कळल्यापासून लोक रस्त्यात थांबवून विचारतात. प्रश्न तीनच असतात. कुठं मिळते? स्वभावानं गरीब असते का? आणि आपल्या गावरान कोंबड्यांत सोडली तर चालते का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. शहरात शोभेचे पक्षी विकणारे असतात, त्यांच्याकडं मिळते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो, पण सगळ्या नाही' असं आहे. आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना आमची एक कोंबडी मरता मरता वाचली आणि घरातल्या २२ गावरान कोंबड्या कापायची वेळ आली होती. म्हणून हा लेख. घ्या किंवा घेऊ नका, पण माहिती असून घ्या.

सिल्की म्हणजे नेमकं काय

ही जात मूळची चीनची. तेराव्या शतकात चीन फिरून आलेल्या मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात मांजरासारखे केस असलेल्या काळ्या कोंबड्यांचा उल्लेख आहे, तो सिल्कीचाच असं मानलं जातं. चीनच्या जिआंग्शी प्रांतातला ताइहे हा भाग या कोंबडीसाठी प्रसिद्ध आहे. तिकडं तिला 'काळ्या हाडाची कोंबडी' म्हणतात आणि बाळंतिणीला, आजारी माणसाला तिचं सूप देतात. युरोप-अमेरिकेत मात्र ही शोभेची आणि पोराबाळांच्या हातात द्यायची कोंबडी झाली.

साध्या पिसात बारीक आकडे असतात. ते एकमेकांत अडकतात म्हणून पीस सपाट राहतं, पाणी ओघळून जातं आणि पक्षी उडू शकतो. सिल्कीच्या पिसात हे आकडे नीट तयारच होत नाहीत. त्यामुळं पीस मोकळं, केसासारखं राहतं. दिसायला देखणं, पण त्याचे दोन तोटे आहेत. ही कोंबडी उडू शकत नाही आणि पावसात चिंब भिजते. पाटणसारख्या पावसाच्या तालुक्यात हे दोन्ही तोटे जीवावर बेतणारे आहेत, त्याबद्दल पुढं सांगतो.

कातडी, मांस आणि हाडं काळसर-निळी असतात. त्यामुळं बरेच जण विचारतात, 'ही कडकनाथच ना?' नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली, तिला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हींच्या काळेपणामागं एकाच प्रकारचा जनुकीय बदल आहे, पण जाती वेगळ्या. कडकनाथचं पीस साधं, पायाला चार बोटं, अंगानं चपळ, झाडावर चढून बसणारी. सिल्कीच्या पायाला पाच बोटं, अंगानं ठेंगणी आणि चालणं डुलत डुलत. वजन फार भरत नाही. कोंबडा दीड-पावणेदोन किलोच्या पुढं सहसा जात नाही, कोंबडी त्याहून हलकी.

घेताना फसायच्या जागा

आम्ही कोल्हापूर भागातल्या एका विक्रेत्याकडून तीन महिन्यांची सहा पिल्लं आणली. ३,००० रुपये मोजले. विक्रेता म्हणाला, "पाच माद्या, एक नर." सात महिन्यांचे झाल्यावर एका पहाटे दोन गळे आरवायला लागले! चूक सगळी त्याची म्हणता येणार नाही. सिल्कीत नर-मादी लवकर ओळखू येत नाही. गावरान कोंबड्याचा तुरा दोन महिन्यांत लाल दिसायला लागतो. सिल्कीचा तुरा लहान, अक्रोडासारखा गुठळीचा आणि झुपक्याखाली दडलेला असतो. पाच-सहा महिने, कधी त्याहून जास्त, अंदाजच चालतो. म्हणून तीन महिन्यांच्या पिल्लाला 'शंभर टक्के मादी' म्हणणाऱ्यावर जादा पैसे घालवू नका.

दुसरी फसवणूक मिश्र पिल्लांची. सिल्की कोंबडा आणि गावरान कोंबडी यांची पिल्लं पहिल्या पिढीत साध्या पिसाची निघतात, कारण केसाळ पिसाचा गुण दोन्हीकडून आला तरच दिसतो. अगदी लहान पिल्लू कुठल्याही जातीचं असलं तरी लवच असते, त्यामुळं नवख्या माणसाला फरक कळत नाही. पायाची बोटं मोजा. अस्सल सिल्कीला पहिल्या दिवसापासून पाच बोटं असतात. चोचीजवळची आणि पंखाखालची कातडी काळसर आहे का तेही बघा. पण एवढ्यावर पूर्ण खात्री धरू नका, मिश्र पिल्लातही पाचवं बोट येतं. शक्य असेल तर त्याचे आईबाप दाखवायला सांगा.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 'काळं मांस, औषधी अंडी, आम्हीच परत विकत घेऊ' असं कुणी सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा. २०१९ साली शेजारच्या सांगली जिल्ह्यातून कडकनाथचा घोटाळा उघड झाला. त्यात किती शेतकऱ्यांचे पैसे बुडाले हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. सिल्कीला आपल्या बाजारात मांसाची ठरलेली मागणी नाही. एखादी जोडी हौशी माणसाला विकली जाते, तेवढंच.

पाच पक्षी, पाच तऱ्हा

पुस्तकात आणि व्हिडिओत एकच वाक्य असतं, 'सिल्की शांत आणि प्रेमळ असते.' जातीपुरतं ते खरं आहे. हाताला सरावते, पोरांना टोचत नाही, कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या भाजीत जात नाही. पण घरात पाच पक्षी असले तर पाच स्वभाव असतात. आमच्या पोरीनं रंगावरून नावं ठेवलीत, तीच सांगतो.

कापशी पांढरी. ही खरी गरीब. कुणीही उचला, मांडीवर डोळे मिटून बसते. दाणे टाकले की दुसरी आली की मागं सरते. तिला कुणाशी भांडताच येत नाही. बघायला गोड वाटतं, पण कळपात असा पक्षी सगळ्यात आधी मार खातो.

काजळी काळी. आकारानं सगळ्यात लहान, पण सगळ्यांवर दादागिरी करणारी. दाण्याच्या परातीत आधी ती. अंडी घालायला तिला ठरलेलीच पाटी लागते, तिथं दुसरी बसली तर मानेला धरून उठवते. माणसाला मात्र कधी टोचत नाही. माणसाशी चांगली म्हणजे कोंबड्यांशीही चांगली असेल, असं धरू नका.

हळदी पिवळसर. भित्री. पहिले दोन महिने आम्ही आलो की खुराड्याच्या मागं लपायची. आम्हाला वाटलं तिचा स्वभावच तसा. एकदा उचलली तेव्हा छातीचं हाड हाताला लागलं, इतकी खंगलेली. केसाळ पिसामुळं वरून काहीच कळत नाही. भित्री कोंबडी पोटभर खात नाही आणि सिल्कीचं पीस ते लपवतं. तेव्हापासून आम्ही दर रविवारी प्रत्येकीला उचलून छातीवरून हात फिरवतो. तिच्यासाठी दाण्याची दुसरी परात लांब ठेवली. महिन्यात भरली.

राखी करड्या रंगाची. ही आम्हाला चिडकी वाटायची. जवळ गेलं की दचकायची, हात लावला की किंचाळायची, कधी टोचायची. दुसऱ्या कोंबड्यांना विनाकारण धडका द्यायची. एक दिवस पोरगी म्हणाली, "पप्पा, हिला दिसतच नाही!" झुपका दोन्ही डोळ्यांवर आला होता. डोळ्यांपुढचे केस बारीक कात्रीनं कापले. दुसऱ्या दिवसापासून कोंबडी बदलली. हाक मारली की येते, दाणे अचूक टिपते. आम्ही ज्याला स्वभाव म्हणत होतो ते आंधळेपण होतं. सिल्की चिडकी किंवा घाबरट वाटली तर पहिलं काम हेच करा, डोळे मोकळे आहेत का बघा. प्रदर्शनात पाठवायची नसेल तर केस कापायला काही हरकत नाही. पुन्हा डोळ्यांवर आले की परत कापावे लागतात.

पाचवा कोंबडा, बुवा. दाणा सापडला की स्वतः न खाता 'टुकटुक' करून माद्यांना बोलावतो. शांत. फक्त आईच्या लुगड्याचा काठ हलताना दिसला की घोट्यावर धावून जातो. आईनं दोनदा केरसुणी हाणली, तसा तो जास्तच चिडला. मग आम्ही वेगळं केलं. धावून आला की त्याला उचलायचं, काखेत धरून पाच-दहा मिनिटं आपलं काम करत राहायचं, शांत झाला की खाली सोडायचा. दोन आठवड्यांत फरक पडला. लाथ मारली तर कोंबडा त्याला भांडणच समजतो.

सहावा, म्हणजे मादी म्हणून आलेला दुसरा कोंबडा. आरवायला लागल्यावर बुवाशी रोज रक्त निघेपर्यंत भांडायचा. चार माद्यांत दोन कोंबडे बसत नाहीत. त्याला बहिणीच्या सासरी दिला. तिथं तो एकटा आहे आणि गुणाचा आहे म्हणे.

मान वाकडी झाली तो दिवस

आता ती मुख्य गोष्ट. सिल्की आणल्यावर तीन आठवडे वेगळ्या ठेवल्या, एवढं बरोबर केलं. पण बाविसावा दिवस उजाडला तशा सगळ्या एकदम सकाळी गावरान कोंबड्यांत सोडल्या. तिथंच चुकलं.

कोंबड्यांच्या कळपात वरची-खालची अशी पायरी ठरलेली असते. नॉर्वेच्या थोर्लेइफ श्येल्डेरूप-एब्बे या माणसानं शंभर वर्षांपूर्वी, १९२१ च्या सुमारास, हे पहिल्यांदा नीट मांडलं. कोण कुणाला टोचते आणि कोण मुकाट टोचून घेते, यावरून त्यानं कळपातला क्रम लावला. आपल्या आयाबायांना हे न वाचताच माहीत आहे. नवीन पक्षी आला की हा क्रम परत लागतो आणि तो चोचीनंच लागतो. गावरान कोंबडी मार बसला की उडून कुडावर बसते. सिल्की उडत नाही. डोळ्यांवर झुपका, त्यामुळं मागून येणारी चोच दिसत नाही. कापशी तर प्रतिकारही करत नाही.

आमच्या गावरानातली सगळ्यात वरची कोंबडी तांबडी. तिसऱ्या दिवशी तिनं कापशीला कोपऱ्यात गाठून डोक्यावर टोचलं. आम्ही शेतात होतो. संध्याकाळी आलो तर कापशी एका जागी गोल फिरत होती, मान पाठीकडं वळलेली, चोच आभाळाकडं. पाणी पिता येईना.

शेजारचे तात्या बघून म्हणाले, "ही मानमोडी हाय. आज रातीच सगळ्या कापून टाका, न्हाईतर गावभर पसरंल." त्यांचं चुकलं नाही. मान वाकडी होणं हे राणीखेतचं, म्हणजे मानमोडीचं, लक्षण आहेच आणि त्या रोगानं गावंच्या गावं कोंबड्यांवाचून झालेली त्यांनी बघितलीत. आई गप्प बसून राहिली. अंड्यांचे पैसे तिचे असतात. किराण्याचं तेल-साखर त्यावर येतं. बावीस कोंबड्या कापायच्या म्हणजे तिचा वर्षाचा हात बंद होणार. शेवटी तीच म्हणाली, "आरं, आधी डॉक्टरला दाखव. कापायला काय, उद्या बी कापता येतील."

रात्री कापशीला घराच्या पडवीत डालग्याखाली ठेवली, बाकीच्यांपासून लांब. तिला हात लावलेल्या हातानं दुसऱ्या कोंबडीला हात लावला नाही. सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी झुपका बाजूला केला. खाली जखम आणि सूज होती.

मग त्यांनी समजावलं ते असं. झुपकेवाल्या बऱ्याच सिल्कींच्या कवटीला वरच्या बाजूला उंचवटा असतो आणि तिथं हाड पूर्ण बंद झालेलं नसतं. लहान बाळाची टाळू असते तसं समजा. तिथं चोच लागली तर थेट मेंदूला मार बसतो आणि मान वाकडी होते. राणीखेत असती तर एकटीला झाली नसती. हिरवट जुलाब, श्वासाला घरघर, खाणं बंद, अंडी एकदम कमी होणं आणि एकामागून एक मरतूक, असं दिसलं असतं. आमच्या बाकीच्या कोंबड्या दाणे खात होत्या आणि लसीकरण झालेलं होतं.

कापशीला त्यांनी सूज उतरायचं औषध आणि व्हिटॅमिन ई दिलं. आम्ही अंधाऱ्या जागेत ठेवून दिवसातून चार-पाच वेळा ड्रॉपरनं पाणी आणि पातळ कण्या भरवल्या. भरवायचं काम पोरीनं केलं. पंधरा-सोळा दिवसांनी मान सरळ झाली. अजून घाबरली की जरा तिरकी होते.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. मान वाकडी दिसली की पहिल्या तासात पक्षी वेगळा करा, कारण रोग असेल तर तो पसरू नये. आणि डॉक्टरनं बघितल्याशिवाय काही ठरवू नका. कापायची घाई नको, तसंच 'मार लागलाय' म्हणून घरीच बसू नका. आजारी कोंबडी बाजारात नेऊन विकायची तर अजिबात नाही. त्यानंच रोग गावोगाव जातो.

गावरानात मिसळायची रीत

आता आम्ही नवीन पक्षी असा मिसळतो :

पहिले तीन आठवडे पूर्ण वेगळा. लांबच्या कोपऱ्यात, वेगळं भांडं, वेगळं पाणी.

त्यानंतर आठ-दहा दिवस जाळीआड. एकमेकांना दिसल्या पाहिजेत, पण चोच पोचली नाही पाहिजे. जाळीच्या दोन्ही बाजूंना दाणे टाकायचे म्हणजे शेजारी खायची सवय लागते.

एकटा पक्षी कधी सोडायचा नाही. दोन-तीन एकत्र सोडायचे, म्हणजे मार वाटला जातो.

सकाळी नाही, दिवेलागणीच्या अर्धा तास आधी सोडायचे. कोंबड्यांना तेव्हा बसायची घाई असते, भांडायला वेळ नसतो.

दाण्याच्या दोन पराती, पाण्याची दोन भांडी. एका भांड्यावर दांडगी कोंबडी पहारा देते, दोन्हीवर देऊ शकत नाही.

सिल्कीला शिरता येईल पण मोठीला जमणार नाही अशी बुटकी जागा ठेवायची. आम्ही जुनी फळी दोन विटांवर ठेवली आहे. कापशी मार चुकवायला तिथंच जाते.

एवढं करूनही एखादी मारकी कोंबडी सुधारत नाही. तेव्हा मार खाणारीला नाही, मारणारीला बाहेर काढा. तांबडीला चार दिवस डालग्याखाली वेगळी ठेवली. परत आली तेव्हा तिची जागा दुसरीनं घेतली होती आणि तिचा माज उतरला होता. आणखी एक सांगायचं म्हणजे, गावरान कोंबडा सिल्की मादीला अंगानं जड होतो, पाठीवरची पिसं आणि कातडी सोलून निघते. आमचा गावरान कोंबडा आणि सिल्की माद्या आम्ही वेगळ्याच ठेवतो. त्यानं जातही भेसळत नाही.

सिल्कीचा खरा उपयोग : खुडूक

अंडी म्हणाल तर सिल्की वर्षाला १०० ते १२० घालते असं सांगतात. पण आमच्याकडं तेवढी भरत नाहीत, कारण दहा-बारा अंडी झाली की कोंबडी खुडूक बसते. अंडी लहान असतात. त्यामुळं अंड्यांसाठी सिल्की घेऊ नका. घ्यायची तर याच खुडूक होण्यासाठी घ्या. गावरान कोंबडी खुडूक झाली की तिची अंडी बंद होतात, म्हणजे आपला तोटा. ते बसायचं काम सिल्कीवर टाकलं की गावरान कोंबडी लवकर परत अंड्यावर येते.

आम्ही सिल्कीखाली पाच ते सात गावरान अंडी ठेवतो. जास्त ठेवली तर कडेची थंड पडतात. पाटीत भाताचं काड, वर अंडी, जागा अंधारी आणि शांत. बसवायचं रात्री. सातव्या दिवशी अंधारात मोबाईलची बॅटरी लावून अंडं बघायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर पिल्लू आहे, नुसतं स्वच्छ पिवळं दिसलं तर अंडं गंजकं समजून काढून टाकायचं. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर येतात.

इथंही स्वभाव बघावा लागतो. कापशी बसते चांगली, पण इतकी की उठतच नाही. दिवसातून एकदा तिला हातानं उचलून दाणापाण्यावर ठेवावं लागतं, नाहीतर अंड्यावरच वाळून जाईल. काजळी खुडूक होते, पण पिल्लं आली की टोचते. दोन पिल्लं गेल्यावर तिला परत कधी बसवली नाही. राखीला निम्म्यात कंटाळा येतो. आणि भित्री हळदी? ती सगळ्यात चांगली आई निघाली. माणसाला बघून लपणारी ही कोंबडी पिल्लांजवळ आलेल्या मांजरावर पंख पसरून धावून गेली. मांजर पळालं! म्हणून पहिल्यांदा बसवताना सगळी चांगली अंडी एकीखालीच घालू नका. आधी तिची परीक्षा घ्या.

एक काळजी घ्या. सिल्कीच्या पोटाखालच्या लांब केसांत पिल्लाचा पाय किंवा मान गुंतते. बसवायच्या आधी ते केस कापून आखूड करा.

अंडी ठेवायची नसतील आणि कोंबडी खुडूक झाली तर ती मोडावी लागते. आमच्याकडं जुन्या बायका नाकात पीस घालायच्या, पाण्यात बुचकळायच्या. ते नको, पक्ष्याचे हाल होतात. खाली जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी आत द्या. पोटाला खालून वारा लागला की खुडूक उतरते.

पाऊस, खुराडं आणि लस

सिल्की उंच दांडीवर बसत नाही. सगळ्या जमिनीवर एका कोपऱ्यात एकमेकींवर रचून झोपतात. म्हणून जमीन कोरडी पाहिजे. आम्ही भाताचा तूस चार बोटं जाड घालतो आणि ओला झाला की बदलतो. दांडी लावायची तर फूटभर उंचीवर. जमिनीवर झोपणारा आणि उडता न येणारा पक्षी म्हणजे मुंगूस, रानमांजर आणि कुत्र्याला आयतं खाणं. खुराड्याची जाळी बारीक, आणि कड जमिनीत वीतभर पुरलेली असावी.

जून ते सप्टेंबर सिल्की आम्ही पडवीतून बाहेर काढत नाही. भिजली तर ती लवकर वाळत नाही, गारठून मरते. भिजलीच तर पोत्यानं पुसून उबेला ठेवा. पायाच्या केसांत चिखल वाळून गोळे होतात, ते कोमट पाण्यात भिजवून सोडवायचे. केसांत उवा लपतात, त्यासाठी पाटीत कोरडी माती आणि चुलीची राख मिसळून ठेवा, त्यात त्या स्वतः लोळतात.

लसीत हयगय नको. पहिल्या आठवड्यात राणीखेतची लासोटा, पुढं सहा ते आठ आठवड्यांत राणीखेतची टोचायची लस आणि देवीची लस. मरेक्स या रोगाला सिल्की लवकर बळी पडते. त्यात पाय लुळे पडतात आणि उपाय नाही. त्याची लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच द्यावी लागते, म्हणून घेतानाच विक्रेत्याला विचारा. तारखा आपल्या दवाखान्यातून लिहून घ्या.

हिशोब काय पडला

गेल्या वर्षी कापशी आणि हळदीनं मिळून पाच वेळा अंडी उबवली. ३१ गावरान अंडी ठेवली, २४ पिल्लं निघाली, महिन्याची झाली ती १९. त्यातल्या आठ तलंगा ठेवल्या, बाकीची पिल्लं गावातच विकली. सिल्कीची अंडी घरात खाल्ली. एवढ्यावर कुणी श्रीमंत होत नाही. पण आईच्या बावीस कोंबड्यांच्या आता तीस झाल्यात आणि पिल्लं विकत आणायचा खर्च बंद झाला. सिल्कीचे ३,००० दीड वर्षात फिटले.

ज्यांना घ्यायची त्यांनी चारच्या वर घेऊ नका. आणल्यावर पहिला आठवडा रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं खुराड्यापुढं नुसतं बसा. कोण आधी खाते, कोण शेवटी येते, कोण कुणाला हटवते, कोण कोपऱ्यात उभी राहते, ते बघा आणि वहीत लिहा. आमच्या पोरीची तशी वही आहे. कापशीच्या पानावर तिनं लिहून ठेवलंय, 'हिला आधी दाणे द्यायचे.' अजून तसंच देतो.